रहस्य लपवण्यापेक्षा ते लपवणारी माणसं दाखवा

एका दिग्दर्शकानं पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा. स्वतःचे पैसे घालून, मित्रांच्या मदतीनं केलेला पहिला चित्रपट. वडील वारल्यावर थोरली मुलगी बऱ्याच वर्षांनी आपल्या लहानशा गावी परतते. घरात आई, धाकटा भाऊ आणि काका. वडिलांच्या पासबुकात तिला दिसतं, की ते गावातल्याच एका विधवेला वर्षानुवर्षं दरमहा पैसे देत होते. घरात कुणी त्यावर बोलत नाही. शेवटी वडिलांच्या कपाटातल्या पत्रातून उलगडा होतो. त्या बाईचा नवरा ज्या अपघातात गेला, त्यात गाडी वडील चालवत होते आणि गावानं मिळून ते झाकलं होतं. रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा खर्डा, 2 तास 26 मिनिटांचा आहे. ज्यांना दाखवला त्यांतले बहुतेक म्हणाले, ‘फार संथ आहे, अर्धा तास कापा.’ दिग्दर्शकाचं म्हणणं, संथपणा हाच तर चित्रपटाचा जीव आहे, मग कापायचं काय?

मी संकलक आहे आणि या जातीचे चित्रपट टेबलावर बरेच आले आहेत. तुमचा कट आणि पटकथा दोन्ही समोर ठेवून सांगतो: अर्धा तास कापलात तरी लोक संथच म्हणतील. प्रेक्षकाला घड्याळ आठवतं ते शॉट लांब असल्यामुळे क्वचित. त्या क्षणी त्याच्या मनाला काही काम नसतं, म्हणून आठवतं. तुमच्या कटमध्ये पहिला अर्धा तास त्याच्याकडे प्रश्नच नाही. त्यानंतर प्रश्न मिळतो, पण त्याचं उत्तर तो मनाशी लगेच देऊन टाकतो आणि तुम्ही तिथं पोचेपर्यंत हातावर हात ठेवून बसतो.

31व्या मिनिटाला पासबुकात बाईचं नाव दिसलं, की झाडून सगळ्यांना एकच वाटणार: वडिलांचं बाहेर काहीतरी होतं. तसंच वाटावं अशी तुमचीही इच्छा आहे, हे पटकथेवरून कळतं. इथवर ठीक. पण पत्र येतं 112व्या मिनिटाला. मधली 80 मिनिटं मुलगी फक्त संशयानं बघते, आई नजर चुकवते, काका उठून बाहेर जातात. हे तिन्ही तेच ते पुन्हा होत राहतं. रहस्य जितकं उशिरा तितका परिणाम मोठा, असा समज लिहिणाऱ्यांत फार आहे. कोडं सोडवायला बसलेल्या प्रेक्षकाच्या बाबतीत तो कदाचित चालेल. तुमचा प्रेक्षक कोडं सोडवायला आलेला नाही. तो या घरात बसायला आला आहे, आणि घरात बसलेल्या माणसाला कोण काय टाळतंय हे बघण्यात जास्त रस असतो.

आता पटकथेतला 22 नंबरचा सीन बघा. मुलगी भावाला थेट विचारते, ‘बाबांचं तिच्याशी काही होतं का?’ आणि भाऊ नाही म्हणत नाही. हा सीन तुम्ही शूट केला आणि कटमधून काढला. कारण दिलंत, की त्यानं संशय उघड होतो. तो उघड व्हायलाच हवा. माझ्या मते अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात मौल्यवान सीन तो आहे, कारण त्यात भाऊ खोटी बदनामी पत्करतो. मेलेला बाप बाहेरख्याली ठरला तर ठरू दे, पण त्याच्या हातून माणूस मेला हे बहिणीला कळायला नको. पुढं आईही तेच करते. मुलीच्या नजरेत आपण फसवली गेलेली बायको ठरतोय हे तिला दिसतं आणि तरी ती गप्प राहते. दुसऱ्यांदा बघणाऱ्याला हे कळेल तेव्हा आईचा प्रत्येक शॉट वेगळा दिसेल. इतकं मोठं भांडवल तुमच्या हातात असताना तुम्ही ते संशय राखायच्या नादात फेकून दिलंत. 22 नंबर 38व्या मिनिटाच्या आसपास परत लावा. प्रेक्षकाचा तर्क पडद्यावर कुणीतरी मोठ्यानं बोलून टाकला, की त्याचं त्या तर्कावर समाधान होत नाही. मग तो पुढं बघायला लागतो.

या जातीच्या चित्रपटात रहस्य म्हणजे लपवून ठेवलेली एक माहिती, असं धरून चाललं की गाडी रुतते. घरातली माणसं ती गोष्ट बोलली जाऊ नये म्हणून रोज काय काय करतात, ते तुमचं कथानक. कोण विषय बदलतं, कोण आधीच ठरवून दुसऱ्या खोलीत जातं, कुणाला कुठला रस्ता टाळायचा असतो, कुणासमोर कुठलं नाव घ्यायचं नाही. ही मेहनत असते आणि ती दिसू शकते. म्हणूनच ती सिनेमाची आहे. पत्रातली माहिती दिसत नाही, ती वाचावी लागते.

जेवणाच्या टेबलावरचा सीन घ्या. मुलगी पासबुक समोर ठेवून विचारते, ‘ही कोण?’ तुमच्या कटमध्ये प्रश्न मुलीवर, मग काकांचा क्लोज-अप, मग आईचा, मग पुन्हा मुलगी. बोलेल त्याच्यावर कॅमेरा, असं टीव्ही मालिकेचं गणित. मी रशेस, म्हणजे शूट झालेलं सगळं न कापलेलं चित्रण, उघडून आईवरचा तिसरा टेक पाहिला. प्रश्न कानावर पडतो तेव्हा ती काकांच्या ताटात वाढत असते. हात थांबत नाही. ती वाढतच राहते, ताटात जागा उरत नाही तरी वाढते. काका हळूच ताट मागं ओढतात, तेव्हा तिच्या लक्षात येतं. साधारण 9 सेकंदांचा ऐवज आहे. मुलीचा प्रश्न, काकांचं ‘असेल कुणीतरी’, मुलीचा पुढचा प्रश्न, हे सगळं या एका शॉटवर ऐकू येऊ द्या. एकाही बोलणाऱ्याचं तोंड दाखवू नका. काकांना ठाऊक आहे, आईला ठाऊक आहे, आणि एकमेकांना ठाऊक आहे हेही दोघांना ठाऊक आहे, एवढं सगळं त्या ताट ओढण्यात येतं. मग मुलीवर या, आणि ती आईच्या हाताकडे बघतेय तिथं या. प्रश्न विचारतानाचा तिचा शॉट बिनकामाचा आहे.

तुमची हरकत मला माहीत आहे. त्या टेकमध्ये काकांचा डावा हात टेबलावर आहे आणि पुढच्या शॉटमध्ये मांडीवर. हॉलिवूडचे संकलक वॉल्टर मर्च यांनी कट कुठं करावा याचे सहा निकष सांगितले, त्यांत भावनेला 51 टक्के वजन दिलं आणि त्रिमितीतल्या सातत्याला, म्हणजे माणसं-वस्तू शॉटागणिक जागच्या जागी असण्याला, सगळ्यात तळाला 4 टक्के. आकडे फार काटेकोर घेऊ नयेत, पण क्रम खरा आहे. आईचा हात बघणाऱ्या माणसाला काकांचा हात दिसत नाही.

आता उलगडा. पत्र काढून टाका. मेलेल्या माणसाचं पत्र ही लेखकाची सोय असते. सगळं नीट मुद्देसूद लिहिलेलं, योग्य माणसाच्या हाती, योग्य दिवशी. वरून त्यावर वडिलांच्या आवाजातला व्हॉइस-ओव्हर आणि पियानो. ज्या माणसानं जन्मभर तोंड उघडलं नाही, तो कपाटात चार पानी खुलासा ठेवेल हे पटत नाही. शिवाय या पत्रामुळे जिवंत माणसांपैकी कुणालाच काही सांगावं लागत नाही. सगळे सुटतात.

मग कळणार कसं? लहान गावात अशी गोष्ट सहसा ‘सांगितली’ जातच नाही. तुम्हाला ती आधीपासून माहीत आहे असं समजून कुणीतरी बोलून जातं. तुमच्याकडे त्यासाठी सीन तयार आहे. 58व्या मिनिटाला मुलगी त्या विधवेच्या घरी जाते आणि ती बाई गेल्या महिन्याचे पैसे परत करते. सध्या ती म्हणते, ‘आता नको, खूप झालं.’ याच्या पुढं एक वाक्य हवं, आणि ते अत्यंत साध्या आवाजात हवं. ‘माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही राहिलं नव्हतं, गाडी काय कुणाच्याही हातून जाते.’ बस. तिला वाटतंय, मुलीला ठाऊक आहे. इतकी वर्षं घरातली पोर, तिला कसं ठाऊक नसेल? वाक्य पुरं होईपर्यंत तिला मुलीच्या चेहऱ्यावरून कळतं, की ठाऊक नव्हतं. म्हणजे एकाच सीनमध्ये दोघींना धक्का. एकीला वडिलांबद्दल, दुसरीला आपण काय करून बसलो याबद्दल. पुन्हा शूट करायला पैसे नाहीत, असं तुम्ही लिहिलं आहे. नकोतच. मुलीच्या चेहऱ्यावर तुमच्याकडे लांब टेक आहे, त्यात बाई पाठमोरी आहे. वाक्य डबिंगला रेकॉर्ड करा आणि त्या शॉटवर टाका. ओठ दिसतच नाहीत, जुळवायचे कशाला? मात्र रेकॉर्डिंग स्टुडिओच्या कोरड्या शांततेत करून तसंच चिकटवू नका. त्या खोलीचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, त्याखाली अखंड ठेवा आणि माइक बाईपासून शूटिंगच्या दिवशी होता तेवढाच लांब ठेवा.

म्हणजे उलगडा 60व्या मिनिटाच्या आसपास, चित्रपट निम्मा व्हायच्या आत. ‘मग पुढं उरलं काय?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. केनेथ लोनरगन यांचा ‘मँचेस्टर बाय द सी’ (2016) या बाबतीत पुन्हा बघा, या वेळी हातात घड्याळ घेऊन. चित्रपट 137 मिनिटांचा. नायकाच्या घरात काय घडलं, ते शेवटासाठी राखलेलं नाही. वकिलाच्या कचेरीत भावाच्या मृत्युपत्राबद्दल ऐकत असताना, चित्रपट निम्मा होण्याच्या सुमारासच, तुकड्यातुकड्यांनी सगळं येतं. एकीकडे पुतण्याच्या पालकत्वाचं रुक्ष कायदेशीर बोलणं चालू आहे आणि मध्येमध्ये ती रात्र. उरलेला चित्रपट एका वेगळ्याच प्रश्नावर उभा राहतो: हे झालेला माणूस या गावात राहू शकेल का? उलगड्याच्या आधी प्रेक्षक ‘काय झालं असेल’ विचारतो, नंतर ‘आता हिनं काय करायचं’ विचारतो. दुसरा प्रश्न जास्त दमाचा आहे. त्याला बुद्धी पुरत नाही, माणसं लागतात.

तुमच्या चित्रपटात हा दुसरा भाग शेवटच्या 30 मिनिटांत कोंबला आहे. त्याला 70 मिनिटं द्या. 60व्या मिनिटानंतर मुलगीही लपवणाऱ्यांत सामील झाली आहे. आईला कळू द्यायचं का, की मला कळलंय? भावानं खोटी बदनामी पत्करली हे तिच्या आता ध्यानात येतं. शेजारी सांत्वनाला येऊन ‘देवमाणूस होता’ म्हणतात, तेव्हा तिला कळतं की यांनाही ठाऊक आहे. तुमचा सध्याचा सांत्वनाचा सीन 14व्या मिनिटाला आहे आणि तो नुसताच सांत्वनाचा आहे. तोच सीन, एकही फ्रेम न बदलता, 75व्या मिनिटाला लावा. बायका त्याच, वाक्यं तीच. आता त्यातला प्रत्येक शब्द टोचेल. कपडे आणि दिवस जुळतात का ते बघा. मला वाटतं जुळतात.

यामुळे आणखी एक काम आपोआप होतं. अंत्यविधी आणि नंतरची माणसांची ये-जा यांची पहिली 18 मिनिटं उरत नाहीत. मृत्यू दाखवून मग घर दाखवायचं, हा क्रम सुचतो सगळ्यांनाच. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (1985) पडदा उघडतो तेव्हा कुटुंबप्रमुख तात्याजी आधीच गेलेले असतात. त्यांचं जाणं रंगमंचावर घडतच नाही, त्यांच्यावाचूनचं घर घडतं. तुम्हीही मुलगी घरी पोचल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात करा. रडणं ओसरलंय, फोन वाजतायत आणि कुणालातरी वडिलांच्या मोबाइलचा पासवर्ड हवाय.

हा पासवर्डचा सीन मला फार आवडला, तो वाढवा. शोकाबद्दल लिहिताना बहुतेक पटकथा रडण्याकडे आणि आठवणींकडे धावतात. प्रत्यक्षात माणूस गेल्यावर घरात अफाट कारकुनी सुरू होते. दाखले, सह्या, खाती बंद करणं, चालू असलेली औषधं, चष्मा. यातला प्रत्येक कागद त्या माणसाच्या गैरहजेरीवर शिक्का मारतो आणि कुणालाही संवाद म्हणावा लागत नाही. पासबुक या कारकुनीतूनच हाती लागतं, हे तुमच्या पटकथेचं मोठं बळ आहे. तपास करायला निघालेली नायिका तुम्ही केली नाहीत, बरं झालं.

मात्र मधल्या भागात मुलीचा शोक ज्या क्रमानं जातो, तो पाठ केल्यासारखा आहे. आधी नाकारणं, मग भावावर चिडणं, मग देवाशी सौदा, मग खिन्नता, शेवटी स्वीकार. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या 1969च्या पुस्तकातल्या पाच अवस्था सगळ्या लेखन कार्यशाळांत फिरत असतात. पण त्या बाईंनी त्या मांडल्या होत्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांसाठी त्या नंतर वापरल्या जाऊ लागल्या. मागं राहिलेला माणूस असा पायऱ्या उतरत जात नाही. शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी 1999 साली मांडलेलं चित्र पटकथेला जास्त कामाचं आहे. माणूस दुःखाकडे जातो, तिथून पळून रोजच्या कामाकडे येतो, पुन्हा दुःखाकडे जातो, असा हेलकावा चालू राहतो. संकलनाच्या भाषेत याचा अर्थ फार सोपा आहे. दोन दुःखाचे सीन लागोपाठ लावू नका. गॅस सिलिंडरवरून भावाबहिणीत झालेलं हास्यास्पद भांडण तुम्ही ‘टोन बिघडतो’ म्हणून काढलंत. ते विधवेच्या सीननंतर लगेच लावून बघा. लोक हसतील, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात येईल की बहीण कशाबद्दल चिडली आहे.

त्या विधवेकडेही जरा लक्ष द्या. सध्या ती माहिती पुरवायला आलेली आहे. शोकाचेच आणखी एक अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 साली अशा शोकाबद्दल लिहिलं, ज्याला समाज मान्यताच देत नाही. उघड दुःख करायचा हक्क नसलेली माणसं. तुमची विधवा नेमकी तिथं उभी आहे. नवऱ्याला मारणारा माणूस गेला. महिन्याच्या महिन्याला दारात येणारा माणूसही तोच. त्याच्या जाण्याचं तिला काय वाटतं हे ती कुणाला सांगणार? तिच्यावर फक्त दोन सीन आहेत, पण रशेसमध्ये एक शॉट सापडला, बहुधा टेक सुरू व्हायच्या आधीचा. ती दाराशी उभी राहून रस्त्याकडे बघते, मग आत वळते. पैसे यायची तारीख होती त्या दिवशी लावायला तो शॉट सोन्यासारखा आहे. कुठलाही खुलासा नको, आधीच्या सीनमध्ये पासबुकावरची तारीख वाचता आली म्हणजे झालं.

‘लहान गाव’ तुमच्या चित्रपटात ड्रोन शॉटमध्ये आहे. कौलं, धुकं, नदी. ते सगळे काढा, एखादा ठेवायचा तर ठेवा. गाव म्हणजे कोणाला किती ठाऊक आहे याचा हिशोब. एक मोठा कागद घ्या, डाव्या बाजूला प्रत्येक पात्राचं नाव लिहा, अगदी एकच वाक्य असलेल्या औषधाच्या दुकानदाराचंही. वर सीनचे नंबर. प्रत्येक चौकोनात लिहा: या क्षणी याला काय ठाऊक आहे, आणि समोरच्याला किती ठाऊक आहे असं याला वाटतं. यातली दुसरी नोंद महत्त्वाची. बहुतेक कटमधली गडबड तिथंच सापडते. तुमच्या भावाला अपघाताचं ठाऊक आहे, पण आईला ठाऊक आहे हे त्याला माहीत आहे की नाही, याबाबत पटकथा दोन ठिकाणी दोन गोष्टी म्हणते. एक पक्की करा. माझं मत विचाराल तर त्याला वाटू द्या, की आईपासून आपणच हे जपतोय. दोघं एकाच छताखाली, एकमेकांपासून एकच गोष्ट जपत वीस वर्षं काढतात, याहून कौटुंबिक दुसरं काय असतं?

शॉटच्या लांबीबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंत, म्हणून थोडं सविस्तर. माइक ली यांच्या ‘सीक्रेट्स अँड लाइज’मध्ये (1996, त्या वर्षी कान महोत्सवात पाम द’ऑर हा सर्वोच्च पुरस्कार) कॅफेमध्ये दोन बायका शेजारीशेजारी बसलेल्या आहेत आणि कॅमेरा जवळपास आठ मिनिटं हलत नाही, कट नाही. पण त्या शॉटमध्ये काय घडतं ते बघा. आई मुलीला आधी नाकारते, खात्रीनं, जवळजवळ हसून. मग तिच्या डोक्यात काहीतरी आठवतं. मग ती मोडते. सुरुवातीला बसलेली बाई आणि शेवटी बसलेली बाई एक नाही. लांब शॉटची परीक्षा एवढीच: तो सुरू होताना आपल्याला जे वाटत होतं, ते संपताना बदललं का? तुमचा मुलगी खिडकीशी उभी असलेला 74 सेकंदांचा शॉट सहाव्या सेकंदाला जे सांगतो तेच 74व्याला सांगतो. उलट वडिलांचे शर्ट घड्या करून पिशवीत भरतानाचा आईचा दीड मिनिटाचा शॉट तुम्ही तीन तुकडे करून 40 सेकंदांवर आणलात. तो अखंड ठेवा. चौथ्या शर्टाला तिचा वेग बदलतो आणि सहावा ती पिशवीत घालत नाही, उशाशी ठेवते. कापल्यावर वेगातला बदल दिसेनासा झाला.

क्रिस्तॉफ किश्लोव्स्की यांनी ‘ब्लू’मधल्या (1993) एका शॉटबद्दल सांगितलं होतं, ते या कामातल्या प्रत्येकानं ऐकावं असं आहे. नवरा आणि मुलगी अपघातात गमावलेली बाई साखरेच्या खड्याचं टोक कॉफीला लावते आणि तो भिजत जाताना आपण बघतो. तिला आसपासच्या जगाशी काही देणंघेणं उरलेलं नाही, एवढंच त्यातून कळायचं आहे. किश्लोव्स्कींना तो खडा साधारण पाच सेकंदांत भिजायला हवा होता, आठ सेकंद त्यांना जास्त वाटत होते. म्हणून सहायकाला वेगवेगळे खडे भिजवून बघायला लावलं. संथ चित्रपटाचा दिग्दर्शक तीन सेकंदांसाठी साखर बदलतो! तुमच्या खिडकीच्या शॉटचे 74 सेकंद तुम्ही कुठल्या हिशोबानं ठेवलेत, हे स्वतःला विचारा.

यावर एक सोपी तपासणी. आवाज बंद करून रीळ बघा. ज्या शॉटला तुम्ही स्वतः मोबाइलकडे बघता तिथं मार्कर टाका. मग चित्र झाकून फक्त आवाज ऐका. दुसऱ्या वेळी जास्त कळतं, विशेषतः तुमच्या बाबतीत, कारण जवळपास प्रत्येक शांत जागी पियानो आहे. हा टेम्प ट्रॅक, म्हणजे तात्पुरतं संगीत, तुम्ही पहिल्या आठवड्यात टाकला आणि आता त्याशिवाय सीन उघडे वाटतात. नवा कट संगीताशिवायच लावा. एकही सूर नको. जिथं खरोखर उघडं वाटेल तिथं आधी घरातला आवाज शोधा: पंखा, पाण्याची टाकी भरत असल्याचा आवाज, वडिलांच्या खोलीतलं घड्याळ. घड्याळाचं एक करता येईल. ते पहिल्या रिळापासून असू द्या, आणि भाऊ त्यातली बॅटरी काढून पासवर्डच्या सीनमध्ये रिमोटला घालतो, त्यानंतर ते कुठंच ऐकू येणार नाही. प्रेक्षकाला कळणारही नाही काय बदललं. संगीत मग दोन-तीन जागी पुरेल.

फ्लॅशबॅकबद्दल फार लिहायची गरज नाही. अपघाताची रात्र काढून टाका, पूर्ण. पैसे गेले हे खरं. पण तुमची गाडी आणि पाऊस हे कुणाच्याही कल्पनेतल्या गाडीपावसापेक्षा किरकोळच दिसणार, आणि आता ती रात्र सांगायला एक वाक्य पुरलेलं आहे.

शेवटाकडच्या भांडणात, आई आणि मुलगी, तुम्ही सगळे मोठ्या आवाजातले टेक घेतले आहेत. दोघी ताकदीच्या नट्या आहेत, त्यामुळे मोह होणारच. पण हिरोकाझू कोरे-एदा यांच्या ‘स्टिल वॉकिंग’मधली (2008) आई आठवा. एका मुलाला वाचवताना तिचा थोरला मुलगा बुडाला. दरवर्षी स्मृतिदिनाला त्या वाचलेल्या मुलाला ती घरी बोलावते. का, ते ती धाकट्याला सांगते: त्यालाही वर्षातून एकदा तरी त्रास व्हावा म्हणून. किंकाळी नाही, अश्रू नाहीत, घरातल्या इतर गोष्टी सांगाव्या तशा आवाजात. तुमच्या रशेसमध्ये या सीनचा पहिला टेक असाच आहे. बहुधा तालीम म्हणून घेतलेला, लाइट पुरता बसलेला नाही, आवाजात एक दुचाकी येते. आई त्यात ‘मला तुझ्या नजरेत मूर्ख बायको व्हायला चाललं असतं’ हे वाक्य भांडी आवरताना, मुलीकडे न बघता म्हणते. तोच वापरा. दुचाकीचा आवाज साउंडवाला काढेल, नाही निघाला तर राहू दे. लाइटचं कलर करताना बघता येईल.

हे सगळं करून कट बहुधा 2 तास 5 ते 10 मिनिटांवर येईल. तेवढा असू दे. महोत्सवांना लांबीची अडचण असते, असं कुणी सांगेल. असते, पण लांबीपेक्षा निवड करणारा माणूस पहिल्या 10-15 मिनिटांत काय बघतो याची जास्त असते, आणि तुमची पहिली 15 मिनिटं आता पूर्ण वेगळी आहेत.

नवा कट दाखवाल तेव्हा आधी बघितलेल्यांना बोलावू नका, आणि ‘संथ वाटला का?’ हा प्रश्न तर विचारूच नका. विचारलंत की वाटतो. दोन जागी चित्रपट थांबवा, 38व्या मिनिटाला 22 नंबरनंतर आणि विधवेचा सीन संपल्यावर. कागद द्या आणि एवढंच लिहायला सांगा: या घरात कोण कुणापासून काय लपवतंय असं वाटतं? पहिल्या वेळी उत्तरं एकसारखी आली पाहिजेत आणि चुकीची. दुसऱ्या वेळी ती माणसागणिक वेगळी आली, तर कट लॉक व्हायच्या, म्हणजे कायम ठरायच्या, जवळ आलाय असं समजा. एकसारखीच आली, तर आईचं बरंच काही तुम्ही अजून काकांच्या क्लोज-अपखाली दाबून ठेवलेलं असणार. तो टेबलाचा सीन पुन्हा पाठवा, बघू.